लंडनला संग्रहालयशास्त्र शिकायला येताय? सॅम्बोर्नचं घर आधी बघा

संग्रहालयशास्त्र शिकायला लंडनला आलेली आपली मुलं पहिल्याच आठवड्यात ब्रिटिश म्युझियम गाठतात. जरूर गाठा. पण या क्षेत्रातलं रोजचं काम कसं असतं, हे मला उमगलं ते केन्सिंग्टनमधल्या १८, स्टॅफर्ड टेरेस या घरात. आता ते संग्रहालय आहे.

‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बोर्न १८७५ साली पत्नी मॅरियनसोबत इथे राहायला आले. त्यांच्यानंतर मुलगा रॉय १९४६ पर्यंत इथेच राहिला आणि त्याने घरात फारसे बदल केले नाहीत. पुढे लिन्लींची नात अ‍ॅनने ते जपलं. १९८० मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या स्थानिक प्रशासनाने, घर विकत घेतलं.

आत शिरल्यावर आधी अंधारच जाणवतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो. जलरंग, कापड, भिंतीवरचा कागद यांच्यासाठी साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड चालतो, कारण उडालेला रंग परत येत नाही आणि उजेडाने होणारी हानी वर्षानुवर्षं साठत जाते. म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबा, मग भिंती बघा. चित्रांची, चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची इतकी दाटी आहे की पहिल्या फेरीत काहीच नीट दिसत नाही. दुसरी फेरी माराच.

या घराचं खरं धन मला विचाराल तर कागदपत्रं. १८७७ साली केलेली सामानाची यादी आहे, मॅरियनच्या रोजनिशा आहेत. कुठली वस्तू मूळची आणि कुठली नंतरची, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. अशा घरात काम करायचं असेल तर जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायला आत्तापासून शिका. मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

स्वयंसेवक म्हणून काम मिळालं तर सुरुवात बहुधा धूळ झाडण्यापासून होईल. मऊ केसांचा ब्रश, नळीच्या तोंडाला जाळी बांधलेला व्हॅक्यूम, कीटकांचे सापळे तपासून नोंदी करणं. हे काम हलकं समजू नका. वस्तूला गेलेला तडा, कसरीची अळी सगळ्यात आधी दिसते ती झाडणाऱ्यालाच.

नंतर एखाद्या दिवशी १०, किंग हेन्रीज रोडवर जा. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये घेतलं. बाबासाहेब तिथे भाडेकरू विद्यार्थी होते, त्यामुळे सॅम्बोर्नसारखा पिढ्यांचा संसार मागे राहिलेला नाही. अशा ठिकाणी खोली कशी मांडावी, किती रिकामी ठेवावी? प्रबंधाला विषय शोधत असाल तर मी हाच सुचवेन.