टर्मिनलवरून पॅकेज टाकताना नाही, काढताना जपा

डेबियन, उबुंटू, मिंट या घराण्यातलं लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हे आहे. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅम किंवा त्याला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं, आणि ती टाकणारी-काढणारी कमांड म्हणजे एपीटी. फेडोरावर कमांड वेगळी, डीएनएफ. इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत करायच्या.

टाकणं

आधी 'सुडो एपीटी अपडेट' ('सुडो' म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं). यानं कुठलाही प्रोग्रॅम नवा होत नाही, फक्त उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते. नाव नक्की माहीत नसेल तर 'एपीटी सर्च'. मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव. झालं.

काढणं

'सुडो एपीटी रिमूव्ह' आणि नाव. दिसायला तितकंच सोपं, पण मीही सुरुवातीला इथेच अडखळायचो. एखादं पॅकेज काढलं की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजंही एपीटी काढतं. तसं ते आधी सांगतं, पूर्ण यादी दाखवतं आणि मग विचारतं. गोची अशी की त्या प्रश्नावर नुसतं एंटर दाबलं तरी तो होकार धरला जातो. म्हणून यादी वाचल्याशिवाय एंटरला बोट लावायचं नाही. 'हे पायथन जुनं झालं, काढून नवं टाकू' म्हणणाऱ्यांचा अख्खा डेस्कटॉप असाच जातो, कारण सिस्टिमची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. एक पॅकेज काढायला गेलात आणि यादीत चाळीस नावं दिसली, तर 'एन' दाबा आणि शांतपणे विचार करा.

कमांडला '-वाय' जोडा म्हणजे प्रश्नच येत नाही, असा सल्ला सर्रास मिळतो. टाकताना ठीक आहे. काढताना हा सल्ला देणाऱ्याचं पुन्हा काही ऐकू नका. त्याऐवजी '-एस' जोडा: काय काय होईल ते दिसतं, प्रत्यक्षात काहीच होत नाही, सुडोही लागत नाही.

'ऑटोरिमूव्ह'चंही तेच. दुसऱ्या पॅकेजसोबत आपोआप आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं ते काढतं. पण 'कुणालाच नको' हे एपीटीच्या हिशोबानं. सोर्सवरून (मूळ कोडवरून) स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम त्यातली एखादी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारा सामाईक कोड, वापरत असेल, तर एपीटीला त्याचा पत्ताच नसतो आणि ती लायब्ररी जाते. अशी पॅकेजं 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' देऊन आधीच राखून ठेवा.

रिमूव्हनंतर पॅकेजच्या सिस्टिममधल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल मागे राहतात. 'डीपीकेजी -एल'च्या यादीत (डीपीकेजी हे एपीटीच्या खाली काम करणारं साधन) ज्यांच्या आधी 'आरसी' दिसतं ती हीच मंडळी. परत टाकायचा विचार असेल तर राहू द्या, नसेल तर 'सुडो एपीटी पर्ज'; रिमूव्ह करून झालं असलं तरी ते चालतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगना मात्र पर्जही हात लावत नाही, त्या स्वतः काढाव्या लागतात. डेटाबेस सर्व्हर पर्ज करण्याआधी बॅकअप घ्या. त्यात डेटाही जाऊ शकतो. आणि प्रोग्रॅमच्या फाइल शोधून 'आरएम'नं (फाइल डिलीट करायच्या कमांडनं) उडवण्याचा उद्योग कधीही करू नका, एपीटीच्या नोंदीत पॅकेज तसंच राहतं आणि पुढची भांडणं तुम्हाला निस्तरावी लागतात.

अडकलं तर

लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) मिळत नाही असा निरोप आला, तर बहुतेकदा मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं. थांबा. लॉकची फाइल डिलीट करा हा सल्ला घातक आहे: दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजांच्या त्याच नोंदवहीत लिहायला लागतात. काम मध्येच तुटलं असेल तर आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'.

नको ते निघून गेलंच, तर '/वार/लॉग/एपीटी/' या फोल्डरमधली 'हिस्टरी.लॉग' उघडा. कोणत्या तारखेला कोणत्या कमांडनं काय काय गेलं ते तिथे नावानिशी असतं; तीच नावं इन्स्टॉलला द्या.