इंदूरच्या आसपास लँडस्केप फोटो काढताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की पाताळपाणी आणि तिंछाचे धबधबे, जानापावचा डोंगर, जिकडे बघावं तिकडे ट्रायपॉड दिसायला लागतात. मला याचा खरंच आनंद होतो, पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सूर्य टेकला की बॅग भरायची. गेल्या श्रावणात ओळखीतली काही पोरं माझ्याबरोबर जानापावला आली होती, चंबळ निघते तोच डोंगर. वर ढग दाटलेले, सूर्य काही दिसेना, आणि यांचं सुरू झालं की काका आज काही होत नाही, निघूया, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायचाय. मी म्हटलं, अरे पश्चिमेला खाली बघा, क्षितिजाजवळ फट आहे, थांबा जरा. नाही थांबली. साधारण वीस मिनिटांनी त्या फटीतून उजेड आला आणि वरचे ढग खालून पेटल्यासारखे लाल झाले, अख्खी दरी तांबूस. तेवढ्यात महूच्या पेट्रोल पंपावरून फोन, "काका, आकाश बघितलं का?" बघितलं बाबा, मी तिथेच उभा होतो!

यात नशिबाचा भाग कमी आहे. सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी उंच ढगांना त्याचा उजेड खालून मिळत असतो, फक्त पश्चिमेकडे तो अडवणारी जाड ढगांची भिंत नको. म्हणून डोक्यावरचं आभाळ बघून निराश व्हायचं नाही, क्षितिज बघायचं. माझा नियम साधा आहे, सूर्यास्तानंतर चाळीस मिनिटं ट्रायपॉड हलवायचा नाही. लाली नाही आली तरी नंतरचा निळा उजेड मिळतोच, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवा आणि शटर लागेल तेवढा वेळ उघडं राहू द्या. ज्यांना एवढं थांबायचं नाही ते मग घरी बसून सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची पट्टी ओढतात आणि हिरवळ विषारी दिसायला लागते.

दुसरी चूक एसीची. पुण्याहून आलेला माझा भाचा तिंछापर्यंत गाडीत एसी फुल ठेवून आला, कॅमेरा मांडीवर. उतरला आणि काढला बाहेर, तर लेन्सवर धुकं. त्याने रुमालाने पुसलं, परत आलं, परत पुसलं. काच थंड आहे आणि बाहेरची हवा दमट, तोवर ते येतच राहणार ना! त्यात रुमालावर धूळ होती, फिल्टरवर बारीक ओरखडे पडले, आणि मग "आत बघतो" म्हणून त्याने लेन्सच काढली, म्हणजे ती दमट हवा थेट आत. सकाळचा तिरपा उजेड दरीत उतरत होता तो सगळा या खटपटीत गेला. मी वाटेतलं सिमरोल गाव आलं की एसी बंद करतो, काचा खाली, आणि कॅमेरा बॅगेत बंदच राहतो, पोचल्यावरही अर्धा तास चेन उघडत नाही. तेवढ्यात जागा फिरून बघून होते, जी तशीही आधी बघायलाच हवी.

धबधब्यासाठी सगळेच एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर) लावून तीस सेकंद शटर उघडं ठेवतात आणि पाण्याचा कापूस करतात. पाव ते अर्धा सेकंद देऊन बघा, पाण्याचे धागे राहतात, पाणी पाण्यासारखं दिसतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/२२ इतकं बारीक करू नका, फोटो मऊ पडतो, एफ/८ ते एफ/११ पुरे. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद करा. वाइड लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला की आकाशात एका बाजूला गडद डाग येतो, तिथे काढून ठेवा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, यावर मी वाद घालत नाही.

पाताळपाणीला मात्र प्रवाहात ट्रायपॉड रोवू नका, कितीही चांगली फ्रेम असली तरी. जुलै २०११ मध्ये तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली होती. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहत आला, आवाज वाढला, की सामान सोडून आधी बाहेर या.

गुलावटच्या कमळांच्या तलावावर दुपारी जाऊन "कमळं मिटलेली होती" म्हणू नका, ती सकाळीच उमलतात, पोहे-जिलबी परत येताना खा.

आणि यशवंत सागर जलाशय. २०२२ मध्ये सिरपूर तलावासोबत तो रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला तेव्हापासून मोठ्या लेन्सवाले वाढलेत, त्यात वाईट काही नाही, पण सारसाची जोडी दिसली की लोक वाकून पळत सुटतात. जोडीने चरणं सोडून माना वर केल्या की समजा तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, तिथेच बसून राहा, त्यांना वाटलं तर ते आपणहून जवळ येतात. मुद्दाम उडवून काढलेला फोटो कुणी दाखवला तर मी तो बघतही नाही.