हिप-हॉप आणि सोलचं आवडलेलं गाणं दुसऱ्याला ऐकवायचं कसं

सगळ्यात आधी, ग्रुपवर नुसती लिंक टाकणं बंद करा. मी परभणीत दोन वर्षं हेच करत होतो, रात्री हिप-हॉपचं (ठेक्यावर भराभर बोलून म्हटलेलं, म्हणजे रॅप) नाहीतर सोलचं (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जीव ओतून गायलेलं) एखादं लई भारी गाणं सापडलं की लगेच ग्रुपवर टाकायचं, खाली तीन आगीचे इमोजी, आणि सकाळी बघावं तर ब्लू टिक सगळ्यांची पण ऐकलेलं एकानंही नाही. चाळीस जणांना पाठवलेलं गाणं कुणालाच पाठवलेलं नसतं. त्यामुळं आधी माणूस ठरवा, मग गाणं.

माझा एक दोस्त बँजो पार्टीत हलगी वाजवतो. इंग्रजी म्हटलं की त्याचं ठरलेलं, "भाऊ, मला काय कळतंय त्यातलं." मग त्याला शब्द नसलेलाच तुकडा द्यायचा ना. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचं १९७० चं 'फंकी ड्रमर' घ्या, लांबवालं, सात मिनिटांचं. पाच मिनिटं उलटून गेल्यावर बाकीचे सगळे थांबतात आणि त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड एकटा ड्रम वाजवतो, जेमतेम वीस सेकंद. हिप-हॉपवाल्यांनी हा तुकडा हजाराहून जास्त गाण्यांत वापरलाय आणि वाजवणाऱ्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही, हे सांगितलं की हलगीवाला माणूस एकदम सावरून बसतो, कारण वाजवणाऱ्याचं नाव राहून जातं हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. फक्त सात मिनिटं ऐक म्हणून सोडून देऊ नका, मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, ५:२० पासून ऐक. माझ्या दोस्तानं ते तीनदा ऐकलं आणि चहाच्या टपरीच्या पत्र्यावर बोटांनी धरलं, चौथ्या वेळेला त्याचं बरोबर बसलं, अंगावर काटा आला माझ्या.

हे जमलं की मगच त्याला हिप-हॉपची सुरुवात सांगा, थोडक्यात. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या बहिणीनं एका बिल्डिंगीत पार्टी ठेवली, तिथं गाणी लावायला हर्क होता, त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन प्लेअरवर लावून फक्त ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला, कारण पोरं नाचायची ती त्याच तुकड्यावर. आधी ऐकवा, मग सांगा. उलटं केलं तर तास घेतल्यासारखं होतं.

घरच्यांना ऐकवायचं असेल तर ओळखीच्या आवाजातून आत शिरा. आमच्या आईला मी लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' लावून दिलं, १९८१ चं, बप्पी लाहिरींची चाल, आणि ते संपल्या संपल्या ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं २००२ चं 'अ‍ॅडिक्टिव्ह'. तिनं पोळी तव्यावर तशीच ठेवली, म्हणली "अगं बाई, ही तर लता." संगीत करणाऱ्या डीजे क्विकनं लताबाईंचा आवाज उचलून त्यावर पूर्ण गाणं बांधलंय आणि मध्ये रकीम नावाचा रॅपर येऊन रॅप करतो. मूळ लोकांचं नावच टाकलेलं नव्हतं म्हणून अमेरिकेत कोर्टात केस झाली. तेव्हापासून माझा नियम आहे, गाणं पाठवताना कुणी गायलं, कुणाचं सॅम्पल (जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा) आहे, साल कोणतं, हे एका ओळीत लिहायचंच.

भजन-कीर्तनातल्या माणसाला सोल समजावून सांगावं लागत नाही बरका. सोल चर्चमधल्या गाण्यातूनच आलंय. सोल गाणाऱ्या अरिथा फ्रँकलिनचे वडील डेट्रॉइटला चर्चमध्ये प्रवचन करायचे, ती तिथंच गायला शिकली, आणि १९७२ ला तिनं 'अमेझिंग ग्रेस' हा अल्बम थेट चर्चमध्ये लोकांसमोर रेकॉर्ड केला. ती ओळ टाकते, मागचे उचलतात, समोर बसलेले लोक मध्येच ओरडून दाद देतात. आमचे एक काका टाळकरी आहेत, सप्त्याला आठही दिवस उभे असतात, त्यांना मी हे हेडफोनवर दिलं तर डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणले, "मागचे टाळकरी तयारीचे आहेत." याच्यापेक्षा चांगला रिव्ह्यू मी कुठं वाचला नाही.

मेसेज कसा लिहायचा, तर असा: "बिल विदर्स, १९७१, ग्रँडमाज हँड्स, फक्त दोन मिनिटाचं आहे, आजीच्या हातांवर गाणं आहे, हा माणूस तेव्हा विमानाचे संडास बनवायच्या कारखान्यात कामाला होता, सुरुवातीचं गुणगुणणं नीट ऐक, १९९६ ला ब्लॅकस्ट्रीटनं तेच उचलून नो डिगिटी केलं." बस्स. अर्थ दोन ओळीत आपल्या भाषेत सांगा, पूर्ण भाषांतर करत बसू नका. आणि एका वेळी एकच गाणं, चार पाठवली की माणूस नंतर ऐकतो म्हणतो आणि ते नंतर कधी येत नाही.

यूट्यूबची लिंक द्या, ती सगळ्यांकडं उघडते, बाकी अ‍ॅप कुणाकडं असतं कुणाकडं नसतं. घरच्या ग्रुपवर रॅप टाकताना स्वतः आधी पूर्ण ऐका, शिव्या लई असतात, क्लीन व्हर्जन मिळतं ते शोधा. मोबाईलच्या स्पीकरवर बेस येतच नाही, म्हणून शक्य असेल तर सोबत बसून इअरफोनची एक वायर त्याला एक आपल्याला, नाहीतर गाडीत. परभणी ते नांदेड दीड-दोन तासात एक अख्खा अल्बम आरामात होतो. आणि त्याला विचारा तू सध्या काय ऐकतोस, तो देईल ते पण मन लावून ऐका, हलगीवाल्यानं मला दिलेली भीमगीतं अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत.

काही गाणी वेळेसाठी राखून ठेवायची असतात. अ‍ॅन पीबल्सचं १९७३ चं 'आय कान्ट स्टँड द रेन', अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं, सुरुवातीला थेंब पडल्यासारखा टिपटिप आवाज येतो, १९९७ ला रॅपर मिसी एलियटनं त्याच्यावरच 'द रेन' केलं. बाईला खिडकीवरचा पाऊस सहन होत नाही कारण गेलेल्या माणसाची आठवण येते. आपल्याकडं मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे पाठवू नका, त्याला पाऊस नकोसा वाटणारं काहीच पटणार नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून माती भिजली की मग पाठवा, दोन्ही गाणी लागोपाठ. फक्त आधीच डाउनलोड करून ठेवा, पहिल्या पावसात लाईट जाते आणि मागोमाग टॉवरही.