ऊसतोडीच्या फडापर्यंत न पोचणारी तपासणी : या चुका टाळा

शीतपेयं आणि बिस्किटं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर घेतात. साखरेबरोबर कामगारांच्या हक्कांची आणि पर्यावरणाची हमीही मागतात. हमीपत्र भरलं जातं, तपासनीस येतो, कारखान्याची हजेरी, भविष्य निर्वाह निधीची चलनं, बॉयलरचा दाखला, सांडपाण्याचे अहवाल पाहतो. सगळं नीट असतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण ज्यांनी तो ऊस तोडला त्या बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या मजुरांचं नाव त्यातल्या एकाही कागदावर नसतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कारखान्याचे शेतकी अधिकारी, खरेदीदार कंपन्यांचे लोक, तपासणी संस्था आणि स्वयंसेवी कार्यकर्ते या चौघांनाही त्या लागू आहेत.

चूक : कारखान्याच्या गेटवर थांबणं

तोडणीचा पैसा कारखान्याकडून तोडणी-वाहतूक संस्थेकडे किंवा वाहनमालकाकडे जातो, तिथून मुकादमाकडे (मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडे) आणि शेवटी मजुराकडे. करारावर सही वाहनमालकाची किंवा मुकादमाची असते. त्यामुळे ‘हे आमचे कामगार नाहीत’ असं उत्तर मिळतं आणि तपासनीस ते लिहून घेतो.

हे उत्तर स्वीकारू नका. कुठला प्लॉट कधी तोडायचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या शेतात, त्याचा चिटबॉय (तोडीची चिठ्ठी लिहिणारा माणूस) असतो, वजन त्याच्या काट्यावर होतं आणि मुकादमाला द्यायच्या उचलीतला (हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेतला) मोठा भाग कारखान्यातूनच निघतो. ज्याच्या हातात काम, वजन आणि पैसा आहे, त्याच्याकडून मजुरांची यादी मागायला काहीच हरकत नाही.

यादीत किमान एवढं असावं : प्रत्येक मजुराचं नाव, वय, गाव, सोबत आलेली मुलं, उचलीची रक्कम, मुकादमाचं नाव, सध्याच्या तळाचं ठिकाण. कोयत्यांची संख्या पुरेशी नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर लिहिला जातो. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते आणि नोंदीत ती कुठेच नसते. दोघांची नावं वेगळी आणि मजुरी दोघांच्या खात्यावर निम्मी-निम्मी, ही पहिली दुरुस्ती. या दुरुस्तीला वेगळा कायदा लागत नाही, कारखान्याच्या संगणकात एक रकाना वाढवावा लागतो.

चूक : दुपारी अकराला, चिटबॉयच्या गाडीतून फडावर जाणं

कळवून गेलेल्या तपासणीत बालमजूर सापडत नाहीत. पाहुणे येणार म्हणून मुलं कोपीवर (तळावरच्या झोपडीत) ठेवली जातात आणि समोर मुकादम उभा असेल तर कोणी तोंड उघडत नाही.

आदल्या संध्याकाळी शेतकी विभागाचा दुसऱ्या दिवसाचा तोडणी कार्यक्रम घ्या. त्यातले पाच-सहा प्लॉट चिठ्ठ्या टाकून निवडा आणि पहाटे पाचला स्वतःच्या वाहनाने पोचा. एक फेरी रात्रीच्या भरणीची ठेवा, कारण अंधारात फळीवरून मोळ्या चढवताना होणारे अपघात दिवसा दिसत नाहीत. बायकांशी बाईनेच आणि मुकादमापासून लांब बोलावं.

त्याहून चांगली वेळ हंगामाबाहेरची. उचल पावसाळ्यात ठरते आणि मजूर दिवाळीच्या आसपास घर सोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार किंवा पाथर्डी तालुक्यातल्या गावात गेलात तर माणसं स्वतःच्या घरात बसून बोलतात. फडात जी बाई ‘सगळं बरं आहे’ म्हणते, तीच घरी गेल्यावर कुठल्या मुकादमाने किती कापले हे आकड्यानिशी सांगते.

चूक : उचलीला बिनव्याजी मदत समजणं

सगळ्यात खोल घोळ इथे आहे, म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. दर टनाला 366 रुपये, दोघांची तोड दिवसाला दोन टन, प्रत्यक्ष कामाचे दिवस 120. म्हणजे 240 टन आणि मजुरी 87,840 रुपये. हंगामात पोटासाठी आठवड्याला हजार रुपये खर्ची घेतली तर 17 आठवड्यांचे 17,000. आजारपणात किंवा पाळीत 15 दिवस काम बुडालं आणि मुकादमाने खाड्याला (गैरहजेरीला) रोज 500 कापले तर आणखी 7,500. घेतलेलं एकूण 1,24,500, फिटलं 87,840. हंगाम संपून पट्टा पडताना 36,660 रुपये अंगावर राहिले आणि पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे बांधला गेला.

दर वाढवणं गरजेचंच आहे. जानेवारी 2024 मध्ये राज्यातल्या तोडणी दरात 34 टक्के वाढ मान्य झाली ती मोठ्या संघर्षानंतर. पण नुसत्या दरवाढीने ही गाठ सुटत नाही, कारण बाकी लिहिणारी वही मुकादमाकडे असते. दुरुस्ती वहीपासून करा :

उचल मजुराच्या बँक खात्यावर द्यावी आणि छापील पावती मराठीत असावी. काट्यावरचं वजन त्याच दिवशी मजुराच्या मोबाइलवर संदेशाने जावं. चिटबॉयच्या चिठ्ठीची एक प्रत मजुराला मिळाली तरी फरक पडतो. हिशेब दर पंधरवड्याला वाचून दाखवावा. खाड्याचा दंड करारातूनच काढून टाकावा. मुकादमाचं कमिशन कारखान्याने वेगळं द्यावं, मजुरीतून वळतं करू नये.

बाकी न फिटल्यामुळे कोणाला डांबून ठेवलं असेल, मुलाला किंवा बायकोला ओलीस धरलं असेल, तर तो ‘सुधारणेचा मुद्दा’ म्हणून अहवालात टाकून पुढे जाऊ नका. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम 1976 प्रमाणे तो गुन्हा आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी लेखी द्या आणि सुटकेचं प्रमाणपत्र मागा. या कायद्याखाली ते कर्जच रद्द होतं. समजूत घालून निम्मी बाकी भरून सोडवून आणलं, तर मजुराचा हा हक्क बुडतो.

चूक : शौचालय कारखान्याच्या आवारात बांधणं

फोटो चांगला येतो, उपयोग होत नाही. मजूर कारखान्यापासून लांब, फडाजवळ पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात आणि तळ हलत राहतो. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर वापरलं जाणारं स्फिअर मानक माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागे एक शौचालय सांगतं. म्हणजे 200 माणसांच्या तळाला रोज 3,000 लिटरचा टँकर आणि दहा फिरती शौचालयं. ट्रॉलीवर बसवलेली, दिवा असलेली आणि आतून कडी लागणारी घ्या. ती कोणी उपसायची हे करारात लिहा. बंद पडण्याचं नेहमीचं कारण हेच, टाकी भरते आणि उपसायला कोणी येत नाही.

हा सोयीचा नव्हे, शरीराचा प्रश्न आहे. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीत रजा नाही, रजा घेतली तर दंड, पाणी नाही, आडोसा नाही आणि हंगामात उपचारही नाहीत, अशा साखळीच्या शेवटी ही शस्त्रक्रिया येते. म्हणून आरोग्य शिबिर हा वरवरचा उपाय ठरतो. आधी खाडा बंद करा, मग तळावर आठवड्याला ठरलेल्या वारी परिचारिका पाठवा आणि पोटाच्या किंवा पांढरं जाण्याच्या तक्रारीवर औषधोपचार तळावरच सुरू होतील असं पाहा. लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तो पत्ता आणि फोन मजुरांच्या कार्डावर छापा.

चूक : सांडपाण्याचा फक्त शेवटचा आकडा वाचणं

उसात साधारण 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे नीट चालवलेल्या कारखान्याला बाहेरून फार पाणी लागू नये. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार सांडपाणी टनामागे 200 लिटरच्या आत हवं. रोज 5,000 टन गाळपाला ते दहा लाख लिटर होतं आणि नियमाप्रमाणे 15 दिवसांची साठवण धरली तर दीड कोटी लिटरची टाकी लागते. ऑनलाइन मीटरचा आकडा पाहण्याआधी ही टाकी मोजा. टाकी लहान आणि आकडे स्वच्छ असतील तर पाणी कुठेतरी वळवलं जातंय का, हे ओढ्यापर्यंत चालत जाऊन पाहा.

डिस्टिलरी असेल तर एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश (काळं सांडपाणी) निघतो. त्यापासून खत तयार करण्याचं अंगण पावसाळ्यात भिजतं आणि काळं पाणी विहिरींत उतरतं. तपासणी फेब्रुवारीत केली तर हे दिसणारच नाही. जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की आजूबाजूच्या विहिरींचे नमुने घ्या.

पाचटाच्या (उसाच्या वाळलेल्या पानांच्या) जाळण्याचा माग कारखान्याच्याच नोंदीत असतो. जळीत उसाची पावती वेगळी होते. एखाद्या गटात जळीत टनेज अचानक वाढलं, तर तिथे तोड लवकर उरकायला आग लावली जातेय. शेतकऱ्याला नुसतं ‘जाळू नका’ सांगून भागत नाही, खोडव्यात (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट कुजवायचं साहित्य द्या : टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यावरून मागणी काढा.

चूक : नियम वाढवणं, भाव तोच ठेवणं

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या एफआरपीतून (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातून) वजा होतो. म्हणून खरेदीदाराने अटी वाढवल्या आणि पैसे दिले नाहीत, तर भार लहान शेतकऱ्यावर पडतो. दहा टक्के उतारा (उसातून निघणारी साखर) धरला तर एक टन साखरेला दहा टन ऊस लागतो. तोडणीचा दर टनाला 50 रुपये वाढवला तर साखरेवर किलोला 50 पैसे येतात. एवढी रक्कम ‘तोडणी मजुरीसाठी’ असा वेगळा उल्लेख करून खरेदी करारात घाला आणि ती मजुराच्या खात्यावर पोचल्याचा पुरावा मागा.

प्रमाणपत्रावर विसंबू नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्याला एसए 8000 हे कामगार-हक्कांचं प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, 11 सप्टेंबर 2012 रोजी, तिथल्या आगीत अडीचशेहून जास्त कामगार गेले. साखरेत आणखी एक गुंता आहे. ‘मास बॅलन्स’ पद्धतीत प्रमाणित आणि अप्रमाणित साखर प्रत्यक्षात मिसळलेली चालते, जुळतात ते फक्त टनांचे आकडे. आपल्या गोणीतली साखर कुठल्या कारखान्याची, हे त्यातून कळत नाही. कारखान्यांची नावं पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि जाहीर करा.

गैरप्रकार सापडला की खरेदी बंद करून मोकळं होणं हीही चूकच. कारखाना दुसरा ग्राहक शोधतो आणि मजूर तिथेच राहतो. एक हंगामाची मुदत, महिनावार कामं आणि दोन अघोषित फेऱ्या ठेवा. फडात मूल सापडलं तर कुटुंबाला हाकलायला लावू नका. मुलासाठी गावातलं हंगामी वसतिगृह किंवा तळाजवळची शाळा आधी पाहा, धोका असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. पुढच्या हंगामात टोळी निघाल्यावर त्याच गावात जाऊन ते मूल मागे राहिलं का, हे नावानिशी तपासा.