मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून घरातलं मीठ कसं कमी करावं

घरात कुणाला मुतखडा झाला की जो येतो तो सांगतो, दूध बंद करा, टोमॅटो बंद करा. मिठाचं नाव कोणी काढत नाही. आमच्या ह्यांना दोनदा खडा झाला. दुसऱ्या वेळी रात्री अडीच वाजता तासगावहून मिरजेला न्यावं लागलं, तेव्हापासून मी घरात मीठ मोजून वापरते.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांतून पोटात जाणारा एक घटक. खाल्लेलं जास्तीचं मीठ लघवीवाटे जाताना कॅल्शियमही ओढून नेतं आणि तेच ऑक्झलेटला चिकटून खडा धरतो. जेवणातलं दूध-दही उलट ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं. इटलीत खडा झालेल्या 120 पुरुषांना 5 वर्षं दोन तऱ्हेचा आहार देऊन पाहिला, 2002 साली तो अभ्यास छापून आला. दूधदुभतं नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांस कमी केलं, त्यांच्यात खडा परतण्याचं प्रमाण कॅल्शियम तोडलेल्यांच्या जवळपास निम्मं होतं. म्हणून दूध तोडू नका.

पहिलं काम, मिठाचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आमचा किलोचा पुडा चार माणसांत 25 दिवसांत संपला, म्हणजे माणशी 10 ग्रॅम. लोणचं-पापडातलं वेगळंच.

दुसरं, रोज सकाळी दिवसभराचं मीठ एका डबीत काढा. स्वयंपाक त्या डबीतूनच करायचा, पुड्याला हात लावायचा नाही.

आता खरी अडचण. पहिल्या खड्यानंतर मी एका दिवसात मीठ निम्मं केलं होतं. आमटी पानात पडली की हे लोणच्याची बरणी ओढायचे, मुलगा वरून मीठ घ्यायचा, सासूबाई अर्धी भाकरी ठेवून उठायच्या. आठ दिवसांत मीच हार मानली. तीन वर्षांनी दुसरा खडा झाला. एकदम कमी करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. जिभेला सवय व्हायला दीड-दोन महिने लागतात. डबीत सात सपाट चमचे जात होते. दर दहा दिवसांनी एकच चमचा कमी केला आणि कुणाला सांगितलं नाही. आता चौघांत दोन चमचे, म्हणजे साधारण 12 ग्रॅम लागतात. उरलेली सूट लोणचं, पापड आणि बाहेरच्या खाण्यासाठी.

दुसरी चूक मला फार उशिरा कळली. आपल्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना तिच्यात खडेमीठ कुटतात. मीठ कमी केल्यावर आमटी सपक लागते म्हणून मी चटणी वाढवत होते, म्हणजे मीठ मागच्या दाराने परत येत होतं. आता आधी चटणी घालते, उकळी आली की चाखते आणि मगच डबी उघडते. भाकरीच्या, चपातीच्या पिठात आणि भातात मीठ घालत नाही. कमी वाटलं तर लिंबू पिळते. लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, म्हणून हा फायदा दुहेरी आहे.

सैंधव घेऊन फसू नका, तेही सोडियमचंच मीठ. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

भडंग आठवड्यातून एकदा, वाटीभर.

पाणी इतकं प्या की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल. उन्हाळ्यात द्राक्षबागेत राबणाऱ्याने तर बाटली बांधावरच ठेवावी. कळ येऊन थंडी-ताप भरला किंवा लघवी अडली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. खडा वारंवार होत असेल तर डॉक्टरांना 24 तासांच्या लघवीच्या तपासणीबद्दल विचारा. त्यात सोडियमचा आकडा येतो, डबीतलं मीठ खरंच कमी झालं का ते त्यावरून कळतं.