लाकडी व्हिनेगर करताय? आधी या चुका टाळा

मला येणाऱ्या फोनपैकी निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "काका, व्हिडिओत दाखवलं होतं अगदी तसंच केलं हो!" पुढचं मला पाठ झालंय. पानं करपली, नोझल तुंबलं, गिऱ्हाइकाने कॅन परत आणून दारात ठेवले. मी सांगोल्याच्या बाजूला वेड्या बाभळीचा कोळसा पाडतो आणि त्याच धुरातून पिकांवर फवारायचं लाकडी व्हिनेगर काढतो. माझ्याकडची कामाची माणसं त्याला सरळ 'धुराचं पाणी' म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे. हवा न लागू देता लाकूड तापवलं की त्यातला ओलावा, आम्लं आणि इतर शेकडो घटक वाफ होऊन धुराबरोबर निघतात. तो धूर लांब नळीत गार झाला की थेंब पडतात. या थेंबांत 80 ते 90 टक्के पाणीच असतं. उरलेल्यात मुख्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि त्याच्या जोडीला मिथेनॉल, फिनॉल, डांबर. यातलं पिकाला चालणारं ठेवायचं आणि जाळणारं बाजूला काढायचं, एवढंच हे काम आहे. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, आणि नवीन माणूस नेमका तोच द्यायला तयार नसतो.

निवळायच्या आधीच फवारणी

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या गावातल्या एका मुलाने तीन ड्रम लावून हे काम सुरू केलं. मुलगा कष्टाळू, बोलायला नम्र. दोन डाळिंबवाल्यांनी त्याच्याकडून माल घेतला. हस्त बहराची, म्हणजे पावसाळा संपताना धरलेल्या बहराची, फळं तेव्हा लिंबाएवढी झाली होती. फवारणीनंतर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "काका, जरा येऊन बघता का?" आवाजावरूनच कळलं की प्रकरण साधं नाही.

बागेत गेलो. वरच्या बाजूच्या फळांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके होते. एक ठिपका नखाने खरवडला तर खालची साल भाजल्यासारखी निघाली. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून दुसरा पुसून पाहिला, तो निघाला नाही, नुसता पसरला. बोटाला चुलीच्या धुराण्याचा वास आला आणि बोटं एकमेकांना चिकटायला लागली. पंपाचं नोझल उघडलं तर आतली जाळी काकवी ओतावी तशी भरलेली. मी विचारलं, "किती दिवस ठेवलं होतंस?" म्हणाला, "नऊ दिवस. पण धोतराच्या कापडातून दोनदा गाळलंय काका, एकदम स्वच्छ होतं."

मग त्याचा साठवणीचा ड्रम पाहिला. तोटी अगदी तळाला! डांबर जड, ते तळाशी बसतं. म्हणजे ज्या शेतकऱ्याने सगळ्यात आधी विश्वास टाकला, त्याच्याच कॅनमध्ये तळाचं डांबर गेलं. ती फळं पुढे डागी माल म्हणून विकावी लागली. मुलाने पैसे परत केले, वर नुकसानीतलाही वाटा उचलला. फसवायचा त्याचा हेतू नव्हता. त्याला तीन महिने थांबायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं.

ताजं धुराचं पाणी किमान 90 दिवस न हलवता ठेवायचं. या विषयातला सगळ्यात जुना अनुभव जपानी लोकांचा, तेही तीन महिन्यांचीच अट पाळतात. एवढ्या काळात त्याचे तीन थर होतात. वर हलक्या तेलाचा पातळ तवंग, मध्ये कोऱ्या चहासारखा लालसर, आरपार दिसणारा भाग आणि खाली काळं डांबर. आपला माल फक्त मधला. कापडाने गाळून कचरा निघतो. पाण्यात विरघळलेलं डांबर कापडातून आरामात पार होतं, ते हळूहळू सुटून खाली बसायला दिवसच लागतात. काही जण कोळशाची पूड घालतात, तिने डांबर धरायला मदत होते. मी घालतो, पण म्हणून एक दिवसही कमी करत नाही. उकळून लवकर वेगळं करायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा आणि निघा. उघड्यावर उकळलं की कामाचंही उडून जातं आणि डांबर भांड्यात राहतं.

माझ्या ड्रमला तोटी तळापासून वीतभर वर आहे. प्रत्येक खेपेतून एक काचेची बाटली भरून तिच्यावर तारीख लिहितो आणि फळीवर ठेवतो. तिला मी साक्षीची बाटली म्हणतो. ड्रमच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, बाटलीत थर डोळ्यांनी दिसतात. बाटली ढगाळ असेल तर 90 दिवस भरले असले तरी माझा ड्रम उघडत नाही. तळाचं डांबर फेकू नका, कुंपणाच्या लाकडी मेढींना फासा. वाळवीपासून त्या बऱ्याच टिकतात.

पेटल्यापासून विझेपर्यंतचा सगळा धूर गोळा करणं

भट्टी पेटली की लगेच नळीखाली कॅन लावायचा आणि सकाळी उचलायचा, असं करणारे खूप आहेत. कॅन जास्त भरतो, म्हणून आनंदही होतो. पण सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे बहुतेक लाकडातल्या ओलाव्याची वाफ. तो घेतला की माल पाणचट होतो. शेवटचा धूर घेतला की डांबर वाढतं, आणि भट्टी आतून सव्वाचारशे अंशांच्या पुढे गेली की त्या डांबरात बेंझोपायरीनसारखे कर्करोगाला कारण होणारे घटक यायला लागतात. हे आपण खायच्या पिकावर मारणार आहोत, एवढं लक्षात ठेवा.

घ्यायचा तो मधला धूर. धुराड्याच्या तोंडाशी धुराचं तापमान साधारण 80 अंश झालं की सुरू करायचं आणि 150 च्या आत थांबायचं. डायलचा थर्मामीटर लावा, फार महाग नसतो. मी शिकलो ते एका म्हाताऱ्या कोळसेवाल्या मामांकडे. त्यांच्याकडे थर्मामीटर कधीच नव्हता. ते सांगायचे, "धूर डोळ्याला झोंबायला लागला की घे, निळा पडला की सोड." आजही मी थर्मामीटर बघतो आणि शिवाय ओट्यावरच्या पांढऱ्या टाइलचा एक तुकडा हाताशी ठेवतो. तो चिमट्यात धरून धुरावर क्षणभर धरायचा. थेंब पाण्यासारखे असतील तर थांबा. पिवळट तपकिरी होऊन ओघळायला लागले की कॅन लावा. काळपट होऊन टाइललाच चिकटून बसले की कॅन काढा. मग रात्रीचे दोन वाजले असले तरी उठून काढा. झोप मोडायची तयारी नसेल तर भट्टी पहाटे पेटवा.

ओलं लाकूड भरणं हीसुद्धा याच चुकीची बहीण. ओल्या लाकडातून पाणी जास्त निघतं म्हणून उत्पादन वाढल्यासारखं दिसतं. मी बाभळीचं लाकूड तोडून दोन-तीन महिने सावलीत वाळवल्याशिवाय ड्रममध्ये घालत नाही.

लाकूड, नळी आणि भांडं

प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी, सनमायका लावलेलं फर्निचर, क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) मुरलेले रेल्वेचे जुने स्लीपर यातलं काहीही भट्टीत नको. फुकट मिळतं म्हणून तर मुळीच नको.

जीआय पाइप लावू नका. आम्ल त्याचा जस्ताचा मुलामा खातं आणि ते जस्त मालात उतरतं. साध्या लोखंडाने पाणी शाईसारखं काळं होतं. पूर्वी युरोपात कापड छपाईच्या काळ्या रंगासाठी लाकडी आम्लात लोखंड मुद्दाम विरघळवत असत, तोच प्रकार. मी जाड बांबू वापरतो. आतले पेरांचे पडदे सळईने फोडायचे, बांबू तिरका लावायचा, वर ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि त्यावर पाण्याची बारीक धार ठेवायची. ज्याला परवडतं त्याने स्टेनलेस स्टील लावावं. साठवण जाड प्लॅस्टिकच्या, उजेड आत न जाणाऱ्या कॅनमध्ये.

"एका पंपाला किती झाकणं?"

हा प्रश्न मला सहन होत नाही. कुठल्या कॅनचं झाकण? एकात 10 मिली बसतं, दुसऱ्यात 25. पानांवरच्या फवारणीला मी एकास 500 पासून सुरुवात करतो, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 मिली. कितीही झालं तरी एकास 200 च्या वर जात नाही, म्हणजे त्याच पंपाला 75 मिली. औषधाच्या दुकानात मोजमापाचा प्लॅस्टिकचा पेला मिळतो, तो विकत घ्या. आधी दोन-तीन झाडांवर मारा, तीन दिवस बघा, मग बाग घ्या. वेळ सकाळची किंवा उन्हं उतरल्यावरची.

मोकळ्या जमिनीत सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) किंवा बुरशीसाठी बरंच तीव्र द्रावण ओततात, एकास 30 पर्यंत. पण ते ओतल्यावर लागवडीला निदान 10 दिवस थांबावं लागतं, मी 15 थांबतो. तीव्र धुराचं पाणी बियाणाचं उगवणं रोखतं. दुसऱ्याच दिवशी मिरचीची रोपं लावून "रोपं का बसली?" असं विचारणारा शेतकरी मी स्वतः पाहिला आहे.

बोर्डोच्या पाठोपाठ व्हिनेगर

ही दुसरी चूक मला रागच आणते, कारण डाळिंब आणि द्राक्षवाले मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आयुष्यभर वापरत आले आहेत आणि त्यातला चुना कशासाठी असतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मोरचूद एकटं पानाला जाळतं, चुना त्याला आवरून धरतो. आता त्या पानावर तुम्ही सामू (पीएच) 3 च्या आसपास असलेलं आम्ल पातळ करून का होईना मारलं, तर आवरलेलं तांबं पुन्हा मोकळं होतं आणि कोवळी पानं कडेने करपतात. मग दोष व्हिनेगरला. मी कुठल्याही तांबेयुक्त किंवा चुनायुक्त फवारणीनंतर 15 दिवस व्हिनेगरचा कॅन उघडत नाही, आणि एका पंपात तर कधीच नाही. चुना-गंधकाच्या द्रावणात तर चुकूनही मिसळू नका. आम्ल पडताच सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

ट्रायकोडर्मा आणि जीवामृत यांच्याबरोबरही नको. जिवंत जिवाणू-बुरशी सोडायची आणि वरून आम्ल ओतायचं, यात काय अर्थ आहे? मी आठ दिवसांचं अंतर ठेवतो.

धंद्याचा हिशेब

माझ्या 200 लिटरच्या ड्रममधून एका खेपेला चार-पाच लिटर कच्चं पाणी निघतं. निवळून, वरचं-खालचं सोडून हाती साडेतीन लिटर राहतं, आणि तेही तीन महिन्यांनी. एवढ्या भांडवलावर महिन्याला 200 लिटरची ऑर्डर घेणारा माणूस एकतर ताजा माल देईल, नाहीतर पाणी घालेल. म्हणून माझा सल्ला असतो की पहिलं वर्ष कोळशावर भागवा, व्हिनेगर नुसतं साठवत जा. प्रत्येक खेपेला वहीत लाकूड, तारीख, सामू आणि हायड्रोमीटरचं (घनता मोजायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग लिहा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते मागच्यासारखाच माल मिळाला तर.

लेबलवर 'कीटकनाशक' किंवा 'रोगावर रामबाण' असं छापू नका. कीड-रोग मारण्याचा दावा केला की 1968 चा कीटकनाशक कायदा लागू होतो आणि नोंदणीशिवाय विक्री गुन्हा ठरते. वाढीसाठीचं जैव-उत्तेजक म्हणून विकायचं म्हटलं तरी 2021 पासून जैव-उत्तेजकं 1985 च्या खत नियंत्रण आदेशात आली आहेत. पॅकिंग छापायच्या आधी कृषी खात्यात जाऊन विचारा. जपानने 2003 साली खाण्याचं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा नोंदणीशिवाय वापरायला मोकळे केले, पण लाकडी व्हिनेगरचा निर्णय तेव्हा राखूनच ठेवला. ज्या देशात ते इतकी वर्षं वापरतात तिथे ही सावधगिरी, मग आपण फुशारकी कशाला मारायची? सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या शेतकऱ्याने तर आपल्या प्रमाणन संस्थेला लेखी विचारल्याशिवाय एक पंपही मारू नये.

आणखी थोडं

भट्टी पूर्ण गार व्हायच्या आत उघडू नका, हवा लागताच सगळा कोळसा पेटतो. बंद शेडमध्ये भट्टी लावू नका, विषारी धूर कोंडतो. मोजताना चष्मा आणि हातमोजे घाला, न पातळ केलेलं पाणी डोळ्यात गेलं तर इजा होते.

आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत हे कधीही भरू नका, नमुना द्यायलासुद्धा नाही. रंग चहासारखा आहे आणि आत मिथेनॉल आहे. माझ्या कॅनवर मी तांबड्या रंगाने 'पिऊ नये' लिहितो आणि खाली कवटीचं चित्र काढतो, कारण शेतात कामाला येणाऱ्या सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, आणि त्यांची लहान पोरं त्या कॅनजवळच खेळत असतात.