एक किल्ला धरा, घराणी मागून येतात

एमएला मध्ययुगीन भारताचा पेपर घेतला आणि मी भिंतीवर घराण्यांचा तक्ता डकवला. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, मग पाच शाह्या. सनावळ्या तोंडपाठ. तरी 'यादवांच्या पाडावाची कारणे' लिहिताना दीड पानापुढे पेन सरकेना. जेमतेम सुटलो.

सुट्टीत दौलताबाद, म्हणजे यादवांची राजधानी असलेली जुनी देवगिरी चढलो. तासलेला कडा, खंदक, वटवाघळांच्या वासाची ती अंधारी वाट. (आजची सगळी तटबंदी यादवांची नाही, हे आधीच ध्यानात ठेवा.) 1296मध्ये अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर होता. गडावर घाईघाईनं चढवलेली धान्याची पोती मिठाची निघाली म्हणे! ही गोष्ट फारसी इतिहासकार फरिश्ता सांगतो, तीही तीनशे वर्षांनी, विजापूरच्या दरबारात बसून. म्हणून बखर असो की तवारीख, कोणी, कधी, कोणाच्या पदरी राहून लिहिली, ते समासात टिपायची सवय लावा.

माझं घोडं खरं अडलं होतं ते वेगळ्याच जागी. 1296ला यादव संपले असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात यादव राजा रामचंद्रदेव खंडणी देत गादीवर राहिला, आणि देवगिरीच्या लुटीच्या जोरावर अल्लाउद्दीननं त्याच वर्षी सुलतान असलेल्या सासऱ्याला मारून दिल्ली घेतली. तक्त्यावर मी हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलं होतं.

पुढे 1327च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी इथं आणली. त्याच्याच अमीरांनी, म्हणजे सरदारांनी, इथं बंड केलं, त्यातून 1347मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. त्याचीच पुढे पाच शाह्यांत फाळणी झाली. त्यातली अहमदनगरची निजामशाही 1600ला बुडाली असं लिहू नका. तेव्हा पडला तो अहमदनगरचा किल्ला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं ती 1626पर्यंत, मरेपर्यंत लढवली. दौलताबाद 1633ला मोगलांकडे गेलं, 1636ला निजामशाही संपली.

सनांबद्दल एवढंच: शकात 78 मिळवा, की इसवी सन येतो. हिजरी वर्ष मात्र इसवीच्या दोन वर्षांत पसरतं, त्यामुळे दोन पुस्तकांत एका वर्षाचा फरक दिसला तर घाबरू नका.

देवगिरी लांब पडत असेल तर जवळचा किल्ला धरा. विदर्भातल्यांनी गाविलगड घ्यावा, पाच शाह्यांपैकी वऱ्हाडची इमादशाही तिथं सापडते. सोलापूर, धाराशिवकडच्यांना नळदुर्ग आहेच. पाणी मात्र घरून न्या.